दोन्ही उजवे

गणपतीच्या माटोळीला बांधलेली फळे सुकायला लागली तेव्हा कुठे आम्ही मारुती एस्टीमवरची ताडपत्री काढली. जूनपासून गाडी गोव्यात, डिचोलीत आतेभावाच्या घरामागे पत्र्याखाली उभी होती, मागच्या चाकांना पुढून-मागून चिरे लावून. चिरे हौसेने लावले नव्हते. या गाडीला पार्किंग ब्रेक म्हणावा असा ब्रेकच उरलेला नाही. आधीच्या मालकाने मागचे ड्रम काढून तिथे डिस्क बसवल्या, हँडब्रेकची केबल फेकून दिली आणि दोन सीटच्या मधोमध हातभर उंचीचा हायड्रॉलिक हँडब्रेक उभा केला. दिसायला झकास. खरे सांगायचे तर निम्मी गाडी आम्ही त्या दांड्याकडे बघूनच घेतली.

हा दांडा गाडी उभी करायला नसतोच. तेल गार झाले किंवा कुठे किंचित झिरपले की दाब उतरतो आणि गाडी निघते उताराला. तो असतो गाडी वळवायला. कच्च्या रस्त्यावर एकदम मागे फिरणारे वळण आले की स्टिअरिंग आत टाकायचे, क्लच दाबायचा आणि दांडा क्षणभर ओढायचा. मागची चाके जाम होतात, शेपूट बाहेर फिरते. दांडा सोडून क्लच सोडला की पुढची चाके गाडीला नव्या दिशेने ओढून नेतात. एस्टीमचे इंजिन पुढची चाके फिरवते, त्यामुळे अरुंद वळणावर ती नाक बाहेर काढून सरळच जाऊ बघते. तिला हा दांडा लागतोच.

आतली रचना अगदी साधी. दांड्याच्या बुडाशी एक छोटा मास्टर सिलिंडर. पेडलकडून मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेक ऑइल त्याच्या पोटातून जाते. दांडा ओढला की पुशरॉड पिस्टनला ढकलतो, पिस्टन पेडलकडचे भोक झाकतो आणि पलीकडे कोंडलेल्या ऑइलवर दाब देतो. एवढेच. यात बिघडायला आहे काय, असे मी आतेभावाला म्हटल्याचे तो अजून चारचौघांत सांगतो.

डिसेंबरात चिकमगळूरच्या बाजूला, कॉफीच्या मळ्यांतल्या रस्त्यांवर होणाऱ्या एका रॅलीत उतरायचे ठरले होते. त्याआधी सराव म्हणून गाडी टेम्पोवर चढवून साखळी गावाच्या पलीकडे सड्यावर नेली. जागा आतेभावाच्या सासऱ्यांची. जांभ्या दगडाचे उघडे पठार, वर लाल खडी. (रस्त्यावर ही गाडी आम्ही चालवत नाही. मोटर वाहन कायद्याच्या 52व्या कलमात गाडीत असे फेरफार करायला परवानगी नाही, आणि तसेही पार्किंग ब्रेक नसलेली गाडी डिचोलीच्या बाजारात उभी करायची कुठे?) एक रिकामे पिंप मधोमध ठेवले आणि त्याला वळसा घालायचा प्रयत्न केला. दांडा ओढला तो थेट सीटपर्यंत आला, ओल्या फडक्यासारखा. गाडी पिंपाला न जुमानता सरळ गवतात गेली. दुसऱ्या खेपेला पटापट तीनदा ओढल्यावर चाक धरले, पण एकच, उजवे.

घरी येऊन मी आधी पाइप तपासले. कारखान्यातून येताना पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांचे ब्रेक तिरके जोडलेले असतात: पुढचे डावे मागच्या उजव्याबरोबर, पुढचे उजवे मागच्या डाव्याबरोबर. एक बाजू गळाली तरी एक पुढचे चाक शाबूत राहते. पण एकच सिलिंडर असलेला हँडब्रेक अशा जोडणीत घालता येत नाही. घातला तर एकच मागचे चाक धरेल, किंवा टी-जोड मारून दोन्ही वाटा एकत्र केल्या तर एका गळतीत सगळाच ब्रेक जाईल. आंतरराष्ट्रीय मोटर स्पर्धांचे नियम करणाऱ्या एफआयएच्या अपेंडिक्स जे या नियमावलीतल्या 253व्या कलमातही एकाच पेडलवर चालणाऱ्या दोन स्वतंत्र वाटा हव्यात असेच आहे. आधीच्या मालकाने हे काम मात्र चोख केले होते. मुख्य मास्टर सिलिंडरचा एक कप्पा दोन्ही पुढच्या चाकांना, दुसरा हँडब्रेकमधून दोन्ही मागच्या चाकांना. त्यामुळे पेडल जरा खोल जाते, कारण एकाच कप्प्याला आता पुढच्या दोन मोठ्या कॅलिपरचे (डिस्कला पॅडांच्या चिमटीत धरणाऱ्या भागांचे) पोट भरावे लागते. ते चालण्यासारखे होते.

म्हणजे उरली हवा. दांडा मऊ लागतो तेव्हा पाइपात हवा आहे, हे कुणीही सांगेल. पहिला रविवार हवा काढण्यात गेला. आतेभाऊ पेडलवर, मी जॅकखाली पाना घेऊन. दाब... धर... सोड. निपलमधून, म्हणजे कॅलिपरवरच्या हवा काढायच्या बारीक तोटीतून, आलेले ऑइल टपरीवरच्या चहाच्या रंगाचे होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसात ओलाव्याला तोटा नाही. डॉट 4 या दर्जाचे कोरे ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी प्यालेल्या ऑइलसाठी तोच आकडा 155 वर येतो. तेव्हा ते बदलणे गरजेचेच होते. एक लिटर ऑइल ओतले, बुडबुडे येणे थांबले, आम्ही खूश. दांडा पूर्वीपेक्षा थोडा बरा, पण अजून मऊच.

इथे मी एक उपद्व्याप केला. दांड्याचा सुरुवातीचा सैल खेळ खुपत होता, म्हणून पुशरॉडचा लॉकनट सोडून रॉड दोन आटे लांब केला. दांडा लगेच वरच धरू लागला. मला वाटले, मी काहीतरी जिंकलो. या दोन आट्यांची गोष्ट पुढे येईल.

दुसऱ्या रविवारीही हवा काढली. तिसऱ्या रविवारी आतेभावाने पेडलवर बसायला साफ नकार दिला आणि फिटरमामांना बोलावून आणले.

फिटरमामांनी हयात खाणीच्या टिपरांखाली काढली. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले 88 खाणपट्टे रद्द केले, मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या, आणि दारात रांगेने उभ्या टिपरांबरोबर मामांचे कामही थांबले. तेव्हापासून ते मिळेल त्या गाडीखाली जातात. आमचे रडगाणे ऐकून ते आधी पोटभर हसले. ‘‘तीस वर्षं मी ब्रेकात हवा राखली रे! टिपराचे ब्रेक चालतात हवेवर, हवा गेली की टिपर जागचा हलत नाही. आणि तुम्ही दोघे ती बाहेर काढता?’’

मग म्हणाले, गाडी चालवून आणा. अंगणातून फाटकापर्यंत पाच-सहा फेऱ्या मारल्या, दर खेपेला दांडा ओढत. मामांनी तांब्यात बोटे बुडवून उजव्या डिस्कवर पाण्याचे दोन थेंब शिंपडले. चर्र झाले. डाव्या डिस्कवर शिंपडले. थेंब ओघळून खाली मातीत पडले.

‘‘पळय,’’ मामा म्हणाले. ‘‘पाइप एक, ऑइल एक. मग दाबही दोघांना एकच. हवा असेल तर दोघेही मऊ लागतील. एक गरम आणि एक थंड, हे हवेचं काम नव्हे. या डाव्याचे हातपाय आखडलेत.’’

पास्कलचा नियम मी शाळेत पाठ करून मार्क मिळवले होते. दोन रविवार पाना फिरवताना तो एकदाही आठवला नाही.

तरी मामांनी आधी दांड्याकडचे अर्धे काम तपासून घेतले. मागच्या दोन्ही रबरी होसना चिमटे लावले. (स्टीलच्या जाळीचे होस असते तर चिमटा लावू दिला नसता, आतली नळी चिरते.) दोन्ही बंद असताना दांडा दगडासारखा. म्हणजे सिलिंडर आणि पुढचे पाइप ठीक. उजवा चिमटा काढला. दांडा थोडा जास्त आला, पण टणक. उजवा पुन्हा लावून डावा काढला आणि दांडा फडके झाला. हवासुद्धा डावीकडेच होती तर. एकाच कॅलिपरला दोन आजार.

डावे चाक काढून मामांनी कॅलिपर सोडवला. तो ज्या पिनांवर सरकायला हवा त्यांतली एक गंजून बसली होती. रबरी टोपण फाटलेले, आत लाल चिखल वाळून वीट झालेला. पिस्टनकडचे पॅड झिजलेले, पलीकडचे जवळपास कोरे. आखडलेले हातपाय मिळाले. पिन पक्कडने फिरवून काढली, पॉलिश पेपरने घासली. मी कोपऱ्यातला साधा ग्रीसचा डबा पुढे केला, तर मामांनी हातावर चापट मारली. रबराजवळ खनिज तेलाचे ग्रीस गेले की रबर फुगते. तिथे सिलिकॉनचे ग्रीस लागते. डिझेलने धुवायचाही त्याच कारणासाठी मज्जाव, धुवायचे ते स्पिरिटने किंवा ब्रेक ऑइलने.

कॅलिपर हातात फिरवता फिरवता ते थांबले. मग उठून उजव्या चाकापाशी गेले, वाकून बघितले, परत आले.

‘‘याचं निपल कुठे आहे?’’

‘‘इथे, खाली,’’ मी म्हटले. दोन रविवार तिथेच तर पाना लावत होतो. उलट खालून बरे पडते, असे वाटले होते.

‘‘आणि त्या बाजूचं?’’

वर.

‘‘हवा वर जाते, ऑइल खाली राहतं. निपल खाली असेल तर तू काढतोयस काय?’’

आधीच्या मालकाने दोन्ही कॅलिपर उजव्या बाजूचेच आणले होते. बोल्ट जुळत होते, म्हणून दुसरा उलटा करून डावीकडे बसवून टाकला. त्याचे निपल बुडाशी गेले आणि माथ्याशी हवेचा फुगा कायमचा राहिला. आम्ही कितीही ऑइल ओतले तरी ते त्या फुग्याच्या खालून वाहून जात होते. एक लिटर ऑइल, आतेभावाची पोटरी आणि दोन रविवार अशा रीतीने जमिनीत मुरले.

डावा कॅलिपर मागवला, पण तो येईतो मामांनी दाखवलेला उपाय असा: कॅलिपर होससकट सोडवायचा, दोन पॅडांच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी फळी घालायची म्हणजे पिस्टन बाहेर उडत नाही, निपल आभाळाकडे येईल असा हातात धरायचा आणि तशी हवा काढायची. पहिल्याच दाबाला निपल असे फुरफुरले की आतेभाऊ पेडलवरून उतरून बघायला आला, आणि पेडल सुटल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले. थोडे ऑइल मडगार्डवर सांडले, ते लगेच पाण्याने धुतले. ब्रेक ऑइल रंग खाते. बॉनेटवरचा जुना डाग साक्षीला आहेच.

जॅकवर आता दोन्ही चाके एका झटक्यात जाम होत होती. पण लगेच सड्यावर जाता आले नाही. दिवाळी तोंडावर आलेली, वाड्यावरची मुले नरकासुर बांधत होती आणि आमचा जॅक, दोन्ही स्टँड आणि वेल्डिंगची केबल त्यांनी नरकासुराच्या मणक्यासाठी नेली होती. मागायला गेलो तर वर्गणीचे पुस्तक पुढे केले. नरकासुर जळाल्यावरच सामान परत मिळाले, एक स्टँड काळा होऊन.

सड्यावर पहिल्या तीन फेऱ्या सुरेख झाल्या. चौथ्या फेरीला गाडी जड वाटली. पाचव्या फेरीनंतर पहिल्या गियरमध्येही कण्हायला लागली, जळक्या पॅडांचा वास आला आणि गाडी उभी राहिली ती ढकलूनही हलेना. दांडा तर सोडलेला होता. अर्ध्या तासाने गार झाल्यावर आपोआप सुटली. पुन्हा चार फेऱ्या, पुन्हा तेच.

मला कॅलिपरचा संशय. दोन्ही पिना पुन्हा आखडल्या असतील, नाहीतर पिस्टन गंजले असतील. मामा म्हणाले, चाक अडकलेले असतानाच बघायचे, सुटल्यावर काय बघणार? गाडी पुन्हा अडकवली. त्यांनी सीटमध्ये चिंध्या अंथरल्या, गरम ऑइल डोळ्यांत उडू नये म्हणून मला चष्मा घालायला लावला, आणि आधी हँडब्रेकच्या सिलिंडरात येणाऱ्या पाइपचा नट पाव आटा सैल केला. चार थेंब आले. चाके जाम ती जामच. तो नट आवळला आणि बाहेर जाणाऱ्या पाइपचा सैल केला. पिचकारी उडाली आणि गाडी जागच्या जागी किंचित मागे सरकली.

म्हणजे कॅलिपर निर्दोष. दाब कोंडला होता तो या दोन नटांच्या मध्ये, सिलिंडरात. मामांनी दांडा हलवून बघितला, पुशरॉड चिमटीत धरून बघितला आणि माझ्याकडे बघितले. रॉडला केसाएवढाही खेळ नव्हता.

ते माझे दोन आटे. दांडा पूर्ण सोडला तरी रॉड पिस्टनला पुढेच दाबून धरत होता, त्यामुळे पेडलकडचे भोक कधी पूर्ण उघडतच नव्हते. गाडी गार असताना चालून जायचे. ब्रेक तापले, ऑइल प्रसरण पावले, त्याला परत टाकीकडे जायची वाट बंद. मग ते पॅडांनाच दाबणार. पॅड घासून आणखी उष्णता, आणखी दाब. हवा असताना हा दोष दिसला नाही, कारण तो फुगाच गादीसारखा दाब पोटात घेत होता. एक आजार दुसऱ्याला झाकत होता. रॉड आखडता घेतला, पिस्टन पूर्ण मागे आल्यावर साधारण एक मिलिमीटर खेळ ठेवला, लॉकनट आवळून त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली. तो रंग मला हात लावू नको म्हणून आहे, हे मामांनी वेगळे सांगितले.

एवढे होऊनही कोरड्या, घट्ट जमिनीवर चाके जाम करायला दोन्ही हातांचे बळ लागत होते. इंटरनेटवर यावर एकच सल्ला: बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, लहान करा. आमचा सिलिंडर पाऊण इंची, म्हणजे 19 मिलिमीटरचा. पाच-अष्टमांश इंची लावला तर पिस्टनचे क्षेत्रफळ 2.85 चौरस सेंटिमीटरवरून 1.98 वर येते आणि त्याच ओढीला जवळपास दीडपट दाब मिळतो, बदल्यात दांडा तितकाच जास्त ओढावा लागतो. हिशेब पटला, मी मागवूनही टाकला. मामा म्हणाले, आत्ता किती दाब येतो ते तरी बघ.

त्यांच्याकडे टिपरच्या हौद्याचा जॅक तपासायचे गेज होते. साखळीच्या लेथवाल्याकडून निपलच्या आट्यांचा जोड करून घेतला, गेजमधले जुने हायड्रॉलिक तेल स्पिरिटने खळखळून काढले आणि ते उजव्या कॅलिपरला लावले. दांडा टेकूपासून मुठीपर्यंत 35 सेंटिमीटर, पुशरॉडपर्यंत 5, म्हणजे सातपट. काजूच्या बिया तोलायचा स्प्रिंगकाटा मुठीला अडकवून 20 किलोने ओढले. 140 किलो भागिले 2.85, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 49 किलो यायला हवे. काटा 27 वर थांबला. आणि चढताना आधी भराभर, मग एकदम रेंगाळत.

ते रेंगाळणे बघून मामा गाडीखाली गेले आणि मागच्या सीटखालून जाणाऱ्या पाइपवर बोट ठेवले. तिथे फिरवायच्या मुठीचा बायस व्हॉल्व्ह होता. मागच्या चाकांना पेडलचा दाब जास्त जाऊन ती अवेळी घसरू नयेत म्हणून तो ठरावीक दाबानंतर वाढ रोखतो. काम चांगले, जागा चुकीची. हँडब्रेकच्या पुढे, चाकांच्या बाजूला बसवल्यामुळे तो पेडलबरोबर दांड्याचाही दाब खात होता. पाइप कापून, नवीन फ्लेअर मारून व्हॉल्व्ह पेडल आणि हँडब्रेक यांच्या मध्ये घेतला. आता पेडलला लगाम, दांडा मोकळा. त्याच 20 किलोला काटा 45 पर्यंत गेला. लहान बोअरचा सिलिंडर अजून खोक्यात आहे, कुणाला हवा असल्यास आतेभाऊ विकायला तयार आहे.

डावा कॅलिपर आला तेव्हा कुरियरच्या पोराला फाटकातच थांबवून मामांनी खोके फोडले, कॅलिपर डाव्या चाकापाशी नेऊन धरला, निपल वर आहे हे दोनदा बघितले आणि मगच त्याला जाऊ दिले.

शनिवारी संध्याकाळी पुन्हा सडा. पिंप पुन्हा मधोमध. दुसरा गियर, स्टिअरिंग आत, क्लच, दांडा. आता तो मनगटाच्या झटक्यात येत होता. लाल धूळ खिडकीवरून आडवी गेली आणि पिंप माझ्या खांद्यापाशी फिरत राहिले. दहा फेऱ्या झाल्या, गाडी कुठे कण्हली नाही. आतेभाऊ शेजारच्या सीटवर वळणांच्या नोट्स धरून बसला होता, त्याने मध्येच नोट्स मांडीखाली घातल्या आणि छताचा पाइप धरला.

गाडी थांबवली तेव्हा मामा तांब्या घेऊन आधीच मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. उजवीकडे दोन थेंब. चर्र. गुडघ्यावर हात ठेवून उठले, वळसा घालून डावीकडे आले, पुन्हा उकिडवे बसले आणि बोटे झटकली.

चर्र.

‘‘चिरे लाव,’’ ते म्हणाले, आणि उरलेले पाणी प्यायले.